आधी मेडिकल, मग कॉलेज

नागपूर
28 डिसेंबर 2025

प्रिय अविनाश,

स. न. वि. वि.

तुझा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक निरोप ऐकला आणि सोबत पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकंही वाचली. फोनच केला असता, पण फोनवर तू मला निम्म्यात तोडतोस आणि मग आपण द्राक्षाच्या भावावर घसरतो. म्हणून हे पत्र. सईला शेजारी बसवून वाच आणि मग वहिनींनाही वाचायला दे.

‘पायलट व्हायला पोरीला कुठल्या कॉलेजात घालू?’ असं तू विचारलंस. लेका, पायलट कॉलेजात होतच नाही. कमर्शियल पायलटचं लायसन्स, म्हणजे सीपीएल, डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देतं. त्यासाठी बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वय 18 पूर्ण, मेडिकल, डीजीसीएचे लेखी पेपर, रेडिओचं लायसन्स आणि 200 तासांचं उड्डाण लागतं. यात पदवी कुठेच नाही.

आता तुझी माहितीपत्रकं. पहिलं बीबीए एव्हिएशनचं. मुखपृष्ठावर चार सोनेरी पट्ट्यांचा कॅप्टन हसतोय आणि आत अभ्यासक्रम बघितला तर विमानतळ व्यवस्थापन, कार्गो, ग्राहकसेवा. कोर्स वाईट नाही, पण त्यातून कोणी कॉकपिटमध्ये जात नाही. (आमच्या विमान-मेंटेनन्सच्या कॉलेजांच्या जाहिरातीतही पायलटच उभा असतो. ग्रीसने माखलेला माझ्यासारखा माणूस कोण छापणार!) दुसरं एरोस्पेस इंजिनिअरिंगचं. ते विमान बनवणाऱ्यांसाठी, उडवणाऱ्यांसाठी नाही. तिसरं बीएस्सी एव्हिएशनचं. हे तिघांत सर्वात जवळचं. मुंबई विद्यापीठाची अशी पदवी बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या कॉलेजात करता येते, आणि पेपरांचा अभ्यास पदवीच्या अभ्यासाबरोबर होऊन जातो. मात्र अशा कोर्सला कुठेही नाव घालताना एक विचारायचं: या फीमध्ये उड्डाणाचे तास किती? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘ते वेगळं’ असं येतं, आणि ते ‘वेगळं’ म्हणजेच खरा खर्च.

पण हे सगळं नंतर. सईची बारावीची बोर्डाची परीक्षा संपली की पहिलं काम क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिली साधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या यादीवरचे डॉक्टर पुण्यात आहेत, तुम्हाला सांगलीहून ते सोयीचं. काही हजारांत काम होतं. त्यात पास झाली की क्लास वन, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारी कडक तपासणी. ते हवाई दलाच्या केंद्रांत, म्हणजे बेंगळुरूला किंवा दिल्लीला होतं, नाहीतर डीजीसीएने मान्यता दिलेल्या मोजक्या इस्पितळांत. रक्त, ईसीजी, कान, छाती, डोळे, सगळं बघतात. सईला चष्मा आहे म्हणून तू घाबरलायस, त्याची काळजी नको. चष्म्याने नजर पुरेशी सुधारत असेल तर चालतं. खरी मेख रंग ओळखण्यात असते. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांतला आकडा वाचायला लावतात. रंगांधळेपणा असलेल्या माणसाला तो आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही, कारण रोजच्या जगण्यात त्याचं काही अडत नाही. माझ्या खात्यातल्या एकाच्या मुलाने फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता भरला, युनिफॉर्म शिवून घेतला आणि मग मेडिकलला गेला. त्या ठिपक्यांच्या चित्रांच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर अडकला. हप्त्यातली निम्मी रक्कम परत मिळवायला बापाला वकील गाठावा लागला. म्हणून सांगतो, क्लास वनचा कागद हातात पडेपर्यंत कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. ‘सीट बुक करायला टोकन’सुद्धा नाही.

दुसरी पायरी पेपरांची. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात 70 टक्के लागतात. रेडिओची परीक्षा वेगळी आणि पोरं तिलाच जास्त टरकतात. हे क्लास पुण्या-मुंबईत आहेत, दिल्लीत द्वारकेला तर गल्लोगल्ली. फ्लाइंग स्कूलला जायच्या आधीच पेपर उरकून घेतलेले बरे. त्याने दोन गोष्टी होतात. एक, तिथे गेल्यावर सगळा वेळ उडण्यात जातो. दुसरी जास्त महत्त्वाची: सईला हे खरंच करायचंय का, ते या सहा-आठ महिन्यांत तिचं तिलाच समजतं, आणि तोवर तुझे मोठे पैसे गेलेले नसतात. वाऱ्याचे त्रिकोण सोडवताना आणि ढगांचे प्रकार घोकताना जी कंटाळत नाही, ती पुढे टिकते.

मग उड्डाणाची शाळा. आपल्या राज्यातच बऱ्याच आहेत. गोंदियाला बिरसीच्या धावपट्टीवर, बारामतीला, धुळ्याला, शिरपूरला, जळगावला. केंद्र सरकारची इग्रुआ, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे, तिथे प्रवेशपरीक्षा देऊन जावं लागतं. सईने ती जरूर द्यावी. डीजीसीएने यंदा पहिल्यांदाच या शाळांची प्रतवारी जाहीर केली आणि वरच्या दोन श्रेण्यांत देशातली एकही शाळा बसली नाही. ती यादी बघ, पण यादीवर विसंबू नकोस. स्वतः जा. सकाळी जा, आणि न कळवता गेलास तर उत्तम.

तिथे काय बघायचं हे मी माझ्या धंद्यातून सांगतो. शाळा म्हणेल ‘आमच्याकडे पंधरा विमानं’. तू हँगरच्या बाहेर उभा राहून आज किती उडतायत ते मोज. एखादं सेस्नाचं छोटं विमान कोपऱ्यात असेल, प्रोपेलर काढलेला, इंजिनच्या जागी नुसता सांगाडा, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर धूळ. टायर एका बाजूने बसलेले. धूळ जुनी असेल तर ते विमान महिनोन्‌महिने पार्टची वाट बघतंय असं समज. ते पंधरातलंच एक असतं. प्रशिक्षणाच्या विमानाची दर 50 आणि 100 तासांनी तपासणी असते, आणि सही करणारा इंजिनिअर एकटाच असेल तर विमान धडधाकट असूनही रांगेत उभं राहतं. म्हणून तीन आकडे विचार: उडणारी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर आणि इंजिनिअर किती. आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पोरांना 200 तास पुरे करायला किती महिने लागले, हे ऑफिसात नको, मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांना विचार. गेल्या काही वर्षांत कुठले अपघात झाले, तेही विचार. ऑफिसातला माणूस या प्रश्नावर चिडला तर तेही एक उत्तरच.

200 तासही नुसते नाहीत. त्यातले 100 स्वतः विमानाची सूत्रं हातात घेऊन, रात्रीचे वेगळे, उपकरणांवर विसंबून उडायचे वेगळे, आणि 300 सागरी मैलांची एक लांब फेरी, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसच्या दिवस जातात, उत्तरेत डिसेंबर-जानेवारी धुकं खातं. आमच्या विदर्भात मे महिन्यात दुपारी हवा एवढी तापते की ती विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि छोटं विमान खड्ड्यांतून चाललेल्या एसटीसारखं उडतं. मग सकाळचे काही तास तेवढे हातात. ‘आठ महिन्यांत लायसन्स’ म्हणणाऱ्या शाळेने पाऊस, धुकं, ऊन यातलं काहीच धरलेलं नसतं. दीड वर्ष धरून चाल.

आता पैशांचं. हे लिहिताना जीभ जड होते, कारण तू ‘विट्याच्या रस्त्याकडचं दोन एकर काढतो’ म्हणालास. आजूबाजूला बघतो त्यावरून सांगतो, भारतात सीपीएलला 50-60 लाख सहज जातात. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. विमान कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम आहेत, त्यात पुढच्या नोकरीचा रस्ता आखलेला असतो, पण खर्च कोटीच्या घरात आणि ‘हमी’ला अटी. बँक एवढ्या कर्जाला तारण मागतेच. मग जमीन विकण्यापेक्षा गहाण ठेवलेली परवडली. आणि तेही सगळं एकदम नको. शाळा एकरकमी फीवर सवलत देते तेव्हा ती सवलत आपल्याला नसते, तिला असते. तासांप्रमाणे हप्ते पाड. पैसे भरून शाळाच बसली तर शिल्लक तास कुणाकडे मागणार?

सध्या सगळे म्हणतात पायलटांचा तुटवडा आहे. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची सुट्टी 36 वरून 48 तास झाली, आणि या महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते तूही वाचलंसच. एअर इंडियाने 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली, हेही खरं. पण तुटवडा जास्त आहे तो कॅप्टनचा आणि तयार माणसांचा. नुसतं सीपीएल घेऊन दारात उभी असलेली पोरं कमी नाहीत. 2023 या एकाच वर्षात 1,600 वर लायसन्स दिली गेली. माझ्या बहिणीच्या मुलाचं सीपीएल 2020 च्या सुरुवातीला झालं. मार्चमध्ये सगळी विमानं जमिनीवर. त्याआधीच्या वर्षी जेट एअरवेज बंद पडलेली, त्यामुळे अनुभवी माणसंही बाजारात. दोन वर्षं त्याने अमरावतीत अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. लायसन्स नुसतं कपाटात ठेवून चालत नाही, त्यालाही खाऊ घालावं लागतं. मेडिकल दरवर्षी, उपकरणांवर उडायची परवानगी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, तेही दरवर्षी, आणि प्रत्येक वेळी खर्च. 2022 मध्ये त्याला नोकरी लागली, आज मजेत आहे. पण त्या दोन वर्षांचं बजेट तुझ्या कागदावर कुठेच दिसलं नाही. ते लिही.

पदवीचा विचार मी इथे करतो. भाच्याने लायसन्सआधी बीएस्सी केली होती, म्हणून शिकवणीच्या क्लासवाल्यांनी त्याला कामाला घेतलं. सईने पदवी करावी, पण विमानाचं चित्र असलेली महागडी नको. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून, जिला स्वतःचा बाजार आहे अशी कुठलीही, पेपर आणि उड्डाण सांभाळून. मेडिकल नापास झालं किंवा मंदी आली तरी ‘एव्हिएशन’ शब्दाबाहेर तिला काहीतरी करता यायला हवं.

आणि फुकटचा रस्ता तू निरोपात उल्लेखलासुद्धा नाहीस! एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. खडकवासल्यात आता मुली घेतात, यंदा मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आहे, वय बसतंय. एप्रिलच्या परीक्षेचा फॉर्म भरला नसेल तर मुदत बघून आजच्या आज बसा. मुलींच्या जागा फारच थोड्या आहेत, आणि उड्डाणासाठी जी मशिनवरची चाचणी घेतात ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की तो रस्ता कायमचा बंद. शिवाय हवाई दलात गेली तर काही वर्षांत ‘आता कमर्शियलला जाते’ असं चालत नाही. ज्यांना वर्दी हवी त्यांनीच जावं. पण तिला एकदा विचार तरी. आपल्याकडे मुलीला ‘हवाई दल’ म्हटलं की घरच परस्पर ‘नको’ म्हणतं. (धाकटा नववीत ना? त्याला यात रस असेल तर संभाजीनगरच्या सरकारी एसपीआयची, म्हणजे मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेणाऱ्या संस्थेची परीक्षा दहावीच्या वर्षी देता येते.)

वहिनींचं वेगळं लिहितो. त्यांनी तुझ्या निरोपात मागून ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं: ‘अहमदाबादचं विसरला काय तुम्ही?’ नाही विसरलो वहिनी. 12 जूनला एअर इंडियाचं विमान कोसळलं तेव्हा आम्ही सगळे हँगरमध्ये टीव्हीसमोर उभे होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो की रात्री दोन वाजता एका बोल्टवर सही करायला नकार देऊन विमान थांबवणारी माणसं मी रोज बघतो, आणि वरिष्ठ त्यांच्यावर चिडतात तेही बघतो. भारतात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. सई तिथे एकटी नसेल.

तेव्हा बोर्डाची परीक्षा होऊ दे. मार्चअखेर क्लास टूची तारीख घे, पुण्यात उतरायची सोय माझ्या मेहुण्याकडे करतो. गोंदियाची शाळा बघायला येणार असशील तर मला आधी कळव. नागपूरहून सकाळच्या गाडीने मीही येतो, ताडपत्रीखालचं विमान तुझ्याआधी मला दिसेल. आणि जमिनीच्या दलालाला तोवर चहासुद्धा पाजू नकोस.

आबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, दोन्ही पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप

ता. क. सईला म्हणावं, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची जर्नल स्वतः पूर्ण कर, मैत्रिणीची उतरवू नकोस. मीटर वाचायची सवय तिथेच लागते.