बाबा, हा मध्यम ऐका

हॅटफिल्ड,
सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "कोण गं तो तुझा ब्रेन? बघावं तेव्हा त्याचंच चाललेलं असतं." सांगायला लागले तर तिकडे कुकरची शिट्टी, आणि बाबांचं "आवाज येत नाही, मोठ्यानं बोल." म्हणून लिहूनच पाठवते. दादाला मोठ्या टायपात छापून द्यायला सांगितलंय, तेव्हा चष्म्याची सबब चालणार नाही.

डेनिस ब्रेन फ्रेंच हॉर्न वाजवायचा. १७ मे १९२१ ला लंडनमध्ये जन्मला आणि १ सप्टेंबर १९५७ च्या पहाटे आमच्या या हॅटफिल्डमध्ये गेला. अवघा ३६ वर्षांचा होता. आदल्या रात्री त्यानं एडिनबराच्या महोत्सवात फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रातून चायकोव्हस्कीची 'पाथेटिक' सिंफनी वाजवली, यूजीन ऑर्मंडी संचालक होते. कार्यक्रम संपल्यावर स्वतःच गाडी चालवत रातोरात लंडनला निघाला. गाड्यांचं फार वेड त्याला. ट्रायम्फची टीआर-टू ही छोटी स्पोर्ट्सकार होती. लंडन अगदी जवळ आलेलं असताना, डी हॅविलंडच्या विमान कारखान्यासमोर, गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. कारखाना आता नाही, त्या जागेवर विद्यापीठ आणि ऑफिसं झालीत, आणि मोठी वाहतूक गावाखालच्या बोगद्यातून जाते. इथे राहायला आल्यावर आमच्या शेजारणीनं हे सांगितलं. ती हौशी वाद्यवृंदात हॉर्न वाजवते. तिच्यामुळे मी ऐकायला लागले, आणि मग थांबलेच नाही.

आता बाबा, वाद्य काय आहे ते आधी सांगते, कारण तुम्ही म्हणणार "बँडवाल्यांचं काहीतरी." पितळी नळी, गोल गोल गुंडाळलेली. सरळ केली तर साधारण बारा फूट भरेल. एका टोकाला ओठ टेकवायचे, दुसऱ्या टोकाला मोठा कर्णा, आणि वाजवणाऱ्याचा उजवा हात त्या कर्ण्यात खुपसलेला. मूळ शिकाऱ्यांचं शिंग. पूर्वी त्याला कळा नव्हत्या, नुसती नळी. म्हणजे आपल्या तुतारीसारखंच, फुंकेनं जे निघतील तेवढे सूर.

आणि ते सूर कुठले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तंबोरा चांगला लागला, जवारी मनासारखी निघाली, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार बोलायला लागतो. मला मांडीवर बसवून तुम्ही तो ऐकवला होता, "हा कुणी लावलेला नाही, हा असतोच" असं म्हणत. तार अखंड हलते तशीच ती पाच भागांतही हलते, म्हणून तो स्वयंभू गंधार. नळीतल्या हवेचंही तसंच. दोन भागांत वरचा सा, तीनमध्ये पंचम, चारमध्ये पुन्हा सा, पाचात गंधार. खाली हे सूर एकमेकांपासून लांब लांब बसलेत, तुतारीवाला तिथेच वाजवतो. हॉर्नवाला मात्र आठव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या सुरांत वावरतो, आणि तिथे ते अगदी खेटून असतात: सा, रे, ग, मग एक विचित्र मध्यम, पंचम. ओठांचा ताण केसभर चुकला की हवा असलेला सूर निघत नाही, शेजारचा फुटतो. पुढे कळा आल्या, पण त्यांनी फक्त नळीची लांबी बदलते. सूर निवडायचा तो ओठांनीच, आणि निघायच्या आधी तो मनात ऐकू आलेला असावा लागतो. वाद्यवृंदात हॉर्नवाला बराच वेळ गप्प बसून असतो आणि मग एकदम, हजार-दोन हजार माणसांसमोर, एकट्यानं हळुवार सूर लावायचा असतो. शेजारणीनं मला एकदा फुंकायला दिलं. जे काही निघालं त्यावर तिचा कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

ब्रेन चुकतच नसे, असं त्याच्याबद्दल फार सांगतात. मला या कौतुकात तितकासा रस नाही. न चुकणारे आता बरेच आहेत. त्याचं वेगळेपण दोन सुरांच्या मधल्या जागेत आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर तो उडी मारत नाही, श्वास तुटत नाही, ओळ गळ्यातून आल्यासारखी येते. त्याची आई, मॅरियन बीली, गाणारी होती, कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरात. आणि बाप हॉर्नवाला. आजोबा हॉर्नवाले. काका आल्फ्रेड हॉर्नवाला, तो अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेला. थोरला भाऊ लेनर्ड तेवढा ओबो या दुसऱ्या फुंकवाद्याकडे वळला. म्हणजे घराणंच म्हणा.

बाप ऑब्री ब्रेन बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा मुख्य हॉर्नवादक. शिस्तीचा माणूस. दात आणि ओठ पक्के झाल्याशिवाय मुलानं हॉर्न शिकायचा नाही, असा त्याचा नियम. गोडी टिकावी म्हणून शनिवारी सकाळी बापाच्या वाद्यावर चार सूर फुंकायची मुभा, बस. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि रॉयल अकॅडमीत बापाच्याच हाताखाली खरी तालीम सुरू झाली. ६ ऑक्टोबर १९३८ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तो पहिल्यांदा मोठ्या मंचावर बसला. बाखचा पहिला ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो (म्हणजे मुख्य वाद्यं आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना), पहिल्या हॉर्नवर बाप, दुसऱ्यावर हा सतरा वर्षांचा पोरगा. आपल्याकडे मुलगा बापामागे तंबोऱ्याला बसतो, तसंच. पुढे तो क्वीन्स हॉल युद्धातल्या बॉम्बफेकीत बेचिराख झाला.

पण मला जे तुम्हाला सांगायचंय ते पुढेच आहे. ऑब्रीचं वाद्य फ्रेंच बनावटीचं, राऊ नावाच्या जुन्या कारखान्याचं. नळी अरुंद, आवाज हलका, सडपातळ. जर्मन हॉर्न रुंद नळीचे, भरघोस, वाजवायला जास्त भरवशाचे, आणि ऑब्रीला ते मुळीच पटायचे नाहीत. इंग्लंडमध्ये जिकडे तिकडे ते यायला लागले तरी हा आपला ठाम. डेनिसही बरीच वर्षं राऊच वाजवत राहिला. मग १९५१ मध्ये त्यानं अलेक्झांडर या जर्मन बनावटीचा हॉर्न घेतला. बाप हयात होता, १९५५ पर्यंत होता. किराण्याच्या घरातल्या मुलानं एके दिवशी पतियाळाच्या ताना घ्यायला लागावं, इतकी ती मोठी गोष्ट, त्यांच्या लोकांत तरी. मात्र त्यानं त्या जर्मन वाद्याला तोंडाकडची नळी मुद्दाम नेहमीपेक्षा अरुंद बसवून घेतली. दोन्ही काळातलं त्याचं वाजवणं मी लागोपाठ ऐकते. वाद्य बदललेलं कळतं. माणूस तोच, आणि बापानं शिकवलेलं ते सडपातळ बोलणंही तेच.

बाबा, मी गाणं सोडून इकडचं ऐकत बसते याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही. आई बोलते. म्हणून हे इतक्या विस्तारानं लिहिलं.

आता तो मध्यम. युद्धात डेनिस हवाईदलाच्या बँडमध्ये होता, भावासकट. संगीतकार बेंजामिन ब्रिटन अमेरिकेतून परत आलेला, रेडिओच्या कामात त्यानं या पोराला ऐकलं, आणि त्याच्यासाठी, आणि पीटर पीअर्स या गायकासाठी, 'सेरेनेड' लिहिलं. सांजवेळ आणि रात्र यांवरच्या इंग्रजी कवितांना हॉर्न आणि तंतुवाद्यांची साथ. १५ ऑक्टोबर १९४३ ला विगमोर हॉलमध्ये पहिल्यांदा झालं. डेनिस तेव्हा २२ वर्षांचा. सुरुवात एकट्या हॉर्ननं, आणि ब्रिटननं लिहून ठेवलंय की इथे कळांना हात लावायचा नाही. नुसती नळी, निसर्गानं दिले तेवढे सूर. त्यातला अकरावा सूर शुद्ध मध्यमाच्या बराच वर आणि तीव्राच्या थोडा खाली. तेरावा दोन धैवतांच्या मध्ये. पियानोवर ते नाहीतच. लोकांना वाटलं, वाजवणारा बेसूर झाला. ब्रिटनचं म्हणणं स्पष्ट होतं: ते तसेच हवेत, "सुधारून" वाजवाल तर माझ्या इच्छेविरुद्ध. पहिल्यांदा ऐकताना माझे कान टवकारले, आणि लगेच तुमच्या खोलीतला तंबोरा आठवला. इथल्या मित्रमंडळींना तो सूर 'चुकलेला पण सुंदर' वाटतो. मला तो चुकलेला वाटतच नाही, श्रुतींवर वाढलेल्या कुणाला वाटेल असं वाटत नाही. ब्रेन तो सूर कुठेही कचरत लावत नाही, माफी मागत लावत नाही. शेवटच्या कवितेत हॉर्न गप्प असतो, वादक उठून आत जातो, आणि तेच सुरुवातीचं पडद्यामागून वाजतं.

(पीअर्सचा आवाज मला अजून पचलेला नाही. नाकातून गातो असं वाटतं. तुम्ही हॉर्नकडे लक्ष ठेवा.)

आई, तुला हे रात्रीचं वगैरे आवडणार नाही, ठाऊक आहे. तुझ्यासाठी मोझार्ट. त्याचे हॉर्नचे चार कॉन्चेर्टो ब्रेननं नोव्हेंबर १९५३ मध्ये कारायान हा संचालक आणि फिलहार्मोनिया यांच्याबरोबर रेकॉर्ड केले. सगळं पाठ, आणि समोरच्या स्टँडवर स्वरलिपीऐवजी गाड्यांचं मासिक उघडं ठेवलेलं, असं सांगतात. कारायानचा वाद्यवृंद मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. ब्रेन आत शिरला की त्यात जीव येतो. हे कॉन्चेर्टो मोझार्टनं लॉइटगेब नावाच्या हॉर्नवादक मित्रासाठी लिहिले, आणि एकाच्या हस्तलिखितावर लिहून ठेवलं की 'लॉइटगेब या गाढवाची, बैलाची आणि मूर्खाची दया येऊन' हे लिहिलं, व्हिएन्ना, २७ मे १७८३. मैत्री म्हणजे मैत्री! प्रत्येकाचा शेवटचा भाग शिकारीच्या घोड्यांच्या दुडकीचा आहे, भाजी चिरताना छान जातो.

आणि हे तर तुला नक्की आवडेल. नोव्हेंबर १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जेरार्ड हॉफनुंग नावाच्या अवलिया व्यंगचित्रकारानं संगीताची चेष्टा करणारा मोठा जलसा केला. त्यात ब्रेननं मोझार्टच्या वडिलांची एक रचना वाजवली, कशावर, तर बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर. सूर जमेना तेव्हा बागकामाच्या कात्रीनं नळी कापून लांबी जुळवली. लोक हसून हसून बेजार. पण बाबा, ती नळी म्हणजेच वाद्य, पितळ नसलं तरी चालतं, हेच त्यानं सिद्ध केलं की नाही?

आपल्याकडचा एक धागाही आहे. ब्रेन ज्या फिलहार्मोनियाचा मुख्य हॉर्नवादक, त्या वाद्यवृंदाला युद्धानंतरच्या ओढाताणीच्या वर्षांत म्हैसूरच्या महाराजांनी, जयचामराजेंद्र वाडियारांनी, पैसा पुरवला. रिखार्ड स्ट्राउसची शेवटची चार गाणी २२ मे १९५० ला लंडनमध्ये याच वाद्यवृंदानं पहिल्यांदा सादर केली, तीही महाराजांच्या आधारावर. त्यातल्या 'सप्टेंबर' या गाण्याच्या अखेरीला गाणारी थांबते आणि हॉर्न एकटा बोलत राहतो. धारवाडचा मामा म्हैसूरच्या दरबाराच्या गोष्टी सांगायचा, त्यात ही कधी नव्हती.

ब्रेन गेल्यावर फ्रान्सिस पुलँक या संगीतकारानं हॉर्न आणि पियानोसाठी शोकगीत लिहिलं. मी ते फारसं ऐकत नाही. त्याच्यासाठी जिवंतपणी लिहिलेलं इतकं आहे, हिंडेमिथचं, माल्कम अरनॉल्डचं, गॉर्डन जेकबचं, की ते संपायच्या आधी तिकडे जायचं कारण नाही. अपघातात चेपलेला त्याचा अलेक्झांडर हॉर्न कारागिरांनी पुन्हा उभा केला आणि तो लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संग्रहालयात आहे. तुम्ही इकडे याल तेव्हा नेईन. गुडघ्याचं निमित्त सांगू नका, तिथे लिफ्ट आहे का ते मी आधी विचारून ठेवते.

दादाच्या पेनड्राइव्हवर तीन फोल्डर आहेत. 'आई' नावाचा मोझार्ट. 'बाबा १' म्हणजे 'सेरेनेड', १९४४ चं रेकॉर्डिंग, थोडी खरखर आहे. 'बाबा २' म्हणजे स्ट्राउसचे दोन हॉर्न कॉन्चेर्टो, सावालिश संचालक, १९५६ चे. सुरुवात 'बाबा १'नं करा, फक्त पहिला दीड मिनिट, आणि शेजारी तंबोरा घेऊन बसा. सा हॉर्नच्या सुराला मिळवा. मग तो मध्यम कुठल्या श्रुतीचा तुम्हाला वाटतो ते सांगा. माझा अंदाज मी आत्ता लिहीत नाही, नाहीतर तुम्ही माझं मन राखाल. पत्रानं कळवा किंवा रविवारी फोनवर गाऊनच दाखवा, कुकर लावायच्या आधी.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दादा बदलून आणणार होता. आणल्या का?

तुमची,
धाकटी