चिंगीबद्दल, सविस्तर

गोथेनबर्ग

प्रिय विन्या,

तुझा सवाल रास्त आहे: ना गोठा, ना गाई, मग गुरं हाकणारं कुत्रं घरात कशाला? फोनवर हे उरकता आलं नसतं, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

चिंगी वेस्टयोटास्पेट्स जातीची. स्वीडनबाहेर या जातीला स्वीडिश वालहुंड म्हणतात. खांद्यापाशी जेमतेम फूटभर उंच, अंगाने लांबट, कान ताठ, रंग करडा. हे बुटकेपण कामाचं आहे. ही कुत्री गाईच्या मागच्या पायाला हलकेच चावून तिला पुढे रेटतात आणि तिने लाथ झाडली की चट्कन खाली दबतात, लाथ डोक्यावरून निघून जाते. तू फलटणला लहानपणापासून मेंढरं पाहिलीस. तिथली धनगरी कुत्री कळप राखतात, ही कळप चालवतात.

1940 च्या सुमारास ही जात जवळपास संपल्यात जमा होती. 1942 मध्ये काउंट ब्यॉर्न फॉन रोसेन आणि कार्ल-गुस्ताफ सेटरस्टेन या दोघांनी वारा गावाच्या आसपासच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालून उरलीसुरली कुत्री शोधली. पुढच्याच वर्षी जातीला मान्यता मिळाली. त्या दोघांविषयी मला फार आदर वाटतो. ऐन महायुद्धाच्या दिवसांत गावठी कुत्र्यांसाठी कोण इतकं फिरतं?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. गाई नसल्या तरी हाकायची ओढ रक्तातच असते. पोरं अंगणात पळाली की चिंगी थेट टाचेकडे झेपावते. ओजसला शिकवलंय की ती मागे लागली तर ओरडायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं. पळणं थांबलं की तिचा पाठलागही थांबतो. मी तिला यासाठी कधी रागावत नाही. शतकानुशतकं जे करण्यासाठी तिला घडवलं, ते वाईट म्हणून तिला मार द्यायचा हे मला पटत नाही. त्यापेक्षा डोकं गुंतेल असं दुसरं काम द्यावं.

ते काम आम्हाला इथल्या रानात सापडलं. आदल्या संध्याकाळी मी हरणाचा खूर दोरीला बांधून झाडीतून ओढत नेतो, मध्ये वळणं घेतो आणि शेवटी खूर तिथेच ठेवून येतो. सकाळी चिंगीला लांब दोरीवर सोडायचं. एरवी भुंकून घर डोक्यावर घेणारी ही बया तेव्हा आवाज म्हणून काढत नाही. नाक शेवाळाला टेकवून चालते, वळणावर माग सुटला की एक गोल घेते, गंध मिळाला की दोरी ताणते. खूर सापडला की तोंडात धरून ताठ मानेने गाडीपर्यंत येते. त्या दिवशी घरी कोणाच्या टाचेला धोका नसतो!

बाकी निगा फार नाही. कोट दुहेरी, केस गळायच्या दिवसांत रोज विंचरावं लागतं. पाठ लांब म्हणून वजन वाढू द्यायचं नाही, खाणं मोजूनच. रानातून आलं की कानामागे, काखेत गोचिडी चाचपायच्या. इथल्या नियमानुसार दिवसा निदान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर न्यावंच लागतं, त्यामुळे निशा आणि मी कामाच्या वेळा वाटून घेतल्यात.

खरी काळजी डोळ्यांची. जात मूठभर कुत्र्यांपासून वाढलेली, त्यामुळे रात्री कमी दिसण्यापासून सुरू होऊन हळूहळू बळावणारा नेत्रपटलाचा आजार काहींत वंशाने येतो. म्हणून नियमित डोळे तपासून घेतो, आजवर तरी स्वच्छ निघालेत. जिच्याकडून तिला आणलं ती बाई विचारतेय, चिंगीचं एक वेत होऊ द्याल का? जातीत नवं, निरोगी रक्त टिकायला हवं, हे तिचं म्हणणं मला पटतं. निशा तयार आहे. मी मात्र पहिलटकरणीच्या विचाराने धास्तावलोय.

तुमच्या वाड्यात कुत्री व्यायलेली तू कितीदा पाहिलीस. पहिल्या वेताला काय काय सांभाळावं, ते काकूंनाही विचारून सविस्तर लिही. तपासणी पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी पत्र येऊ दे.

तुझा,
मिलिंद