जनुक असणे आणि ते चालू असणे

महोदय,

‘अमुक आजाराचे जनुक सापडले’ अशा बातम्या वाचून जनुक म्हणजे कपाळावरची रेघ, असा समज पक्का होतो. जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून मला तो फार खटकतो. डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशींचा डीएनए जवळपास एकच असतो. फरक पडतो तो कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यामुळे. चालू जनुकाची आरएनए प्रत निघते, रायबोसोम हे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र ती वाचून अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) जोडते आणि प्रथिन बनते. यातल्या प्रत्येक टप्प्यावर नियंत्रण असते. ई. कोलाय हा साधा जीवाणूसुद्धा ग्लुकोज नसेल आणि लॅक्टोज ही दुधातली साखर मिळाली, तरच ती पचवणारी विकरे (एन्झाइम) भरपूर बनवतो. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेली ही यंत्रणा मला आजही शिकवताना थक्क करते! तयार आरएनएलाही अडवणाऱ्या मायक्रोआरएनए या चिमुकल्या आरएनएंच्या शोधाला तर २०२४ चे नोबेल मिळाले.

आपल्या विज्ञानविषयक बातम्यांत सापडलेले जनुक कोणत्या पेशीत आणि केव्हा चालू होते, एवढे दोन ओळींत तरी द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका