अश्वे, नानांना कसं सांगू?

कोल्हापूर, रविवार

प्रिय अश्वे,

फोन नाही, मेसेज नाही, दिवाळीच्या पार्सलची साधी पोचसुद्धा दिली नाही, सगळं मान्य. चकल्या मिळाल्या. निम्म्या युनिटनं खाल्ल्या आणि लाइटच्या बाळूदादांनी विचारलं, ‘अश्विनीताईंना अजून मोहन पडत नाही वाटतं?’ शिव्या त्यांना घाल. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे तुला पुरं ऐकायला हवंय. तब्येत ठीक. गुडघा जुनाच. आईची बीपीची गोळी बदलली, बाकी बरी आहे.

तर ऐक. पुढच्या पिक्चरला प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून आपल्या नानांना घ्यायचं नाही, असं ठरलंय. आणि ते नानांना मी सांगायचंय.

थांब, ओरडू नकोस. आमचे निर्मातेसाहेब बांधकामाच्या धंद्यातनं आलेत. स्लॅब कधी पडणार, सिमेंट किती लागणार, हे त्यांना मोबाइलवर दिसायची सवय. म्हणून या पिक्चरला त्यांनी शेड्यूलचं सॉफ्टवेअर घेतलं आणि माझ्या गळ्यात घातलं. सुरुवातच झोकात झाली. लेखकानं स्क्रिप्ट देवनागरीत टाइप केलेली, ‘आत, दिवस’, ‘बाहेर, रात्र’ अशी. सॉफ्टवेअरला त्यातलं काही म्हणजे काही ओळखेना. 112 सीनच्या सिनेमाचा त्यानं एकच सीन केला! आमचे डिरेक्टर म्हणाले, बरं झालं, वन टेकमध्ये उरकू. मग प्रत्येक सीनचं डोकं मी इंग्रजी अक्षरांत घालत बसले.

पण एकदा आत गेल्यावर, खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. तू शेड्यूलसाठी दर सीनची एक कार्डशीटची पट्टी कापून बोर्डावर लावायचीस ना, डिट्टो तेच. दिवसा आत पांढरी, दिवसा बाहेर पिवळी, रात्री आत निळी, रात्री बाहेर हिरवी. (हिरवा कागद संपला म्हणून तू अख्ख्या नाइट शेड्यूलला जांभळा लावला होतास आणि कॅमेरामननं ते संध्याकाळचे सीन समजून कॉल लावला. चूक त्याचीच, असं तू आजही म्हणशील. असो.) सीनची लांबी मोजायला स्क्रिप्टच्या पानाचे आठ भाग तेच, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट तेच. फरक एवढाच, की पट्टी बोटानं उचलून दुसऱ्या दिवशी टाकली की कुठला नट अडकतो, कुठली साडी परत लागणार, जनरेटर कुठल्या दिवशी फुकट उभा राहणार, हे खाली आपोआप बदलतं. मेकअपदादांना सहाचा कॉल, नटीला साडेसहाचा, दुपारच्या सीनवाल्यांना दुपारचा, ज्याचा त्याला वेगळा जातो. आठव, नाना रात्री अकराला वहीच्या पानाचा फोटो पाठवायचे आणि आपण ते ‘9’ आहे की ‘7’ यावर पैजा लावायचो. नऊच्या कॉलला सातला येऊन पायरीवर बसलेली ती म्हातारी ज्युनियर आर्टिस्ट मला अजून दिसते. ते बंद झालं ते चांगलंच झालं.

आणि चिकुनगुनियाचा आठवडा विसरलीस का? रोज एक एपिसोड द्यायचा, 22 मिनिटांचं फुटेज, आणि नाना तापानं फणफणलेले. वाड्याची किल्ली कुणाकडे, घोडा कुणाचा, जेवण कुठनं येतं, सगळं त्यांच्या खिशातल्या डायरीत, आणि डायरीतली लिपी ब्रह्मदेवालाही न लागणारी. अख्खं युनिट मोरेवाडीला पोहे खात बसलं होतं. तेव्हा आपण दोघींनी शपथ घेतली होती, की एका माणसाच्या डोक्यात सिनेमा ठेवायचा नाही.

म्हणून या वेळी मी नानांनाच धरलं. प्रत्येक लोकेशनखाली टिपणाची एक चौकट असते. संध्याकाळी ते सांगायचे, मी टाइप करायची. वाड्याशेजारी पिठाची गिरणी आहे, सिंक साउंड, म्हणजे आवाज जागेवरच रेकॉर्ड करायचा, असेल तर संवाद गिरणी उघडायच्या आत उरक. खेट्यांच्या रविवारी जोतिबाच्या बाजूला गाड्या घालू नको. शेतीपंपाची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात नाइट सीन लावू नको, लोक पाणी पाजायला येतात, मागं बॅटऱ्या चमकतात. हे कुठल्या पुस्तकात आहे सांग मला. मजेत सांगायचे गं. ‘लिही, लिही, मी काय जलमाला पुरणार हाय व्हय?’

आता उसाचं सांगते, त्याच्याशिवाय तुला कळणार नाही.

सीन 63. काका पुतणीच्या मागं रात्री उसातनं पळतो. एका रात्रीत होणारा नव्हताच, निम्मा झाला. उरलेला पुढच्या आठवड्यात, कारण काका करणाऱ्या नटाचे प्रयोग. सॉफ्टवेअरमध्ये नटाच्या दिवसांचा तक्ता असतो, त्यात तो ‘होल्ड’वर, म्हणजे काम नाही पण आपल्यासाठी राखलेला. तिकडच्या देशांत होल्डवरचा नट हॉटेलात बसून मानधन घेतो, आपला नट दादरला शिवाजी मंदिरात तिसऱ्या घंटेची वाट बघत असतो. तो काही हलणार नव्हता. शेड्यूल म्हणत होतं, सगळं आलबेल. पट्टी हिरवी, लोकेशन तेच, परवानगी आहे.

आणि पॅकअपला नाना म्हणाले, ‘ह्यो ऊस पुढच्या आठवड्याला न्हाई ऱ्हात.’ शेतकऱ्यानं शब्द दिलाय, मी म्हटलं. तर म्हणाले, ‘त्येच्या शब्दावर काय चालतंय? कारखान्याची तोड आली की जातुय. कुणाच्या बापाची वाट बघत न्हाई.’ त्यांनी शेतकऱ्याला विचारलंच नव्हतं. त्यांनी कारखान्याच्या चिटबॉयला, तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोराला, गाठलं होतं, लागणीच्या नोंदीची तारीख काढली होती आणि ऊसतोडीची टोळी कुठल्या शिवारात आलीय हे बघून आले होते. आलेली तोड परत पाठवायची कुठल्याही शेतकऱ्याची छाती नाही, पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा काय?

मग नाना पहाटे बांधावर जाऊन बसले. टोळीच्या मुकादमाला चहा, बायकांना वडापाव, आणि शेतकऱ्याशी बेण्याच्या गप्पा. तासाभरात ठरलं. पाटाकडच्या दहा सऱ्या उभ्या ठेवायच्या, त्या तो बेण्याला वापरणार. बाकी रान मोकळं झालं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या दहा सऱ्यांत काकाला पळवलं. पडद्यावर बघ, दहा एकर वाटतील. वाढे आणि पाचट पसरलेलं होतं त्यावर लाइट ठेवायला उलट सोयीचं पडलं. बाळूदादा तर म्हणाले, सगळेच ऊस असे कापून द्या.

त्या रात्री साहेबांना पुण्यात रिपोर्ट गेला. सीन 63, दीड पान, वेळेत पूर्ण. पुढं बरोबरची खूण. बस्स.

इथं माझं डोकं अडकलंय, अश्वे. नानांचं काम जितकं चोख, तितकं ते रिपोर्टात दिसत नाही. खोळंबा झाला असता तर लाल रंगात आला असता. झाला नाही, म्हणून काहीच आलं नाही. नानांचं नाव त्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त एका ठिकाणी येतं: खर्चाच्या पानावर, ‘विनापावती’. चहा, वडे, मुकादमाचं पान-तंबाखू. मुकादम काय जीएसटीचं बिल देणार होता?

साहेब वाईट माणूस नाही. माझ्याशी अगदी आदबीनं बोलले. शेड्यूल वेळेत संपलं, अभिनंदन, आता पुढचा पिक्चर वाईला, तिथं नानांचा काय उपयोग, तो त्यांचा इलाका नाही, आणि त्यांची सगळी माहिती तर आता सिस्टीममध्ये आहेच. ‘सिस्टीममध्ये आहेच.’ टिपणांत ऊस आहे गं. पण ऊस बघून चिटबॉयला विचारायचं सुचणं कुठल्या चौकटीत टाइप करू? वाईला ऊस नसेल, दुसरं काहीतरी असेल. घाटावर कुणाचं तरी कार्य असेल.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. तू बाळूदादांच्या थकलेल्या पैशांवरनं सेटवरनं निघून गेलीस, मी राहिले, आणि वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस. त्यावर आज भांडायचं नाहीये. एवढंच सांगते, की ते पैसे शेवटी मिळाले, आणि मी तिथं होते म्हणून मिळाले. तुला ते कधी पटलं नाही, मला तुझं निघून जाणं पटलं नाही, फिट्टंफाट. पण या वेळी राहूनसुद्धा काय करता येईल ते दिसत नाही. मला फ्लॅटचा हप्ता आहे, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

एक डोक्यात आहे. वाईच्या बजेटमध्ये नानांना प्रॉडक्शन मॅनेजर न म्हणता लोकेशन मॅनेजर म्हणून टाकायचं, आणि सीन 63 चा हिशेब मांडून साहेबांना द्यायचा: दुसरा ऊस शोधणं, नटाच्या नव्या तारखा, आधीची अर्धी रात्र पुन्हा शूट, विरुद्ध दहा सऱ्या आणि वडापाव. बांधकामवाल्याला आकडा कळतो. पण न झालेल्या नुकसानाचा आकडा कागदावर कसा दिसेल? तू हिशेबात माझ्यापेक्षा तयार आहेस, बघ काही सुचतंय का. सोबत खर्चाच्या पानाचा फोटो पाठवतेय.

आणि नाना? नाना खुशीत आहेत. केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासनं त्या रस्त्यानं जायचं टाळतात, म्हणून जरा गप्प असायचे, पण आता नातीनं फोनवर ते ॲप घालून दिलंय. मला आवाजी मेसेज येतो, ‘त्रेसष्टाला बरोबरची खूण आली गं, मी बघितली!’ वर विचारतात, वाईच्या रेकीला, लोकेशनं बघायला, कधी निघायचं.

तुझं काय? चिन्याची दहावी ना यंदा? त्याला म्हणावं मावशीनं ऑल द बेस्ट दिलंय. सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? नागपूरचं घर विकायचं म्हणत होतीस त्याचं पुढं कळलं नाही, लिही.

शनिवारी सकाळी नाना घरी येणार आहेत, वाईकडच्या ओळखीच्या माणसांची डायरी घेऊन. त्याच्या आत, शुक्रवारी रात्री नऊनंतर, फोन कर. आणि मला वाक्य पुरं करू दे.

तुझी,
वैशे

ता. क. चकलीला मोहन खरंच कमी होतं.