कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनार मित्रास पत्र

क्लीव्हलंड, ओहायो
रविवार रात्र

प्रिय भावा,

परवा फोनवर तू विचारलंस, "पुंगळ्या निवडत बसलोय म्हणजे नेमकं करतोस काय?" तेव्हा घाईत होतो, सांगायचं राहिलं. आज सविस्तर लिहितो, कारण यातला एक प्रश्न तुझ्याच धंद्यातला आहे.

एनसीसीत फायरिंग झालं की गवतात वाकून आपण रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळ्या, शोधायचो आणि मोजून परत द्यायचो, आठवतं? त्या पॉइंट टू-टू रायफलच्या. आपल्या जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकलं तेही त्याच जातीच्या काडतुसावर. त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो; एकदा बार उडाला की पुंगळी संपली. माझ्या थ्री-ओ-एट रायफलच्या पुंगळीला मात्र बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, असते. ती बदलून, नवी दारू आणि नवी गोळी घालून तीच पुंगळी पुन्हा वापरता येते. सहाशे यार्डांवर नेम धरायचा तर प्रत्येक गोळी सारख्याच वेगानं सुटायला हवी, नाहीतर निशाणावर छिद्रं वर-खाली पसरतात. म्हणून एकसारख्या पुंगळ्या एकत्र लावायच्या.

पहिली निवड बुडावरचा छाप बघून. लष्करी पुंगळीचं पितळ बहुधा जाड असतं. बाहेरून माप तेच, आत जागा कमी. दारू तेवढीच घातली तर दाब वाढतो. ही सरमिसळ मी कधीच होऊ देत नाही.

मग तराजू काढला. इथं काडतुसाचं सगळं ग्रेनमध्ये तोलतात; एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. तुमचा जुना तोळा १८० ग्रेनचा. माझी पुंगळी भरते १७२ च्या आसपास, म्हणजे तोळ्याला जराशी कमी! दोनशे पुंगळ्या अर्ध्या-अर्ध्या ग्रेनच्या फरकानं वेगळ्या केल्या. रात्रीच्या रात्री त्यात गेल्या, आणि रेंजवर फरक काहीच दिसेना. फार वाईट वाटलं.

कारण नंतर उमगलं. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. एक ग्रेन पितळ जास्त असलं तरी ते आतली जेमतेम ०.१२ ग्रेन पाण्याची जागा अडवतं. आणि ते जादा पितळ बुडाच्या बाहेरच्या खाचेपाशी असेल, तर आत काहीच बदलत नाही. मग सगळ्यात जड पाच आणि सगळ्यात हलक्या पाच पुंगळ्या घेतल्या, जुना प्रायमर तसाच ठेवला आणि बुडबुडा न राहू देता काठोकाठ पाणी भरून तोलल्या. पाणी साधारण ५६ ग्रेन मावलं, पण त्याचा क्रम पितळेच्या वजनाशी जुळेना. आता अगदीच वेगळ्या वजनाची एखादी पुंगळी बाजूला काढण्यापुरताच तराजू वापरतो.

खरी चूक भलतीकडेच होती. एकदा उडवलेल्या आणि पाचदा उडवलेल्या पुंगळ्या मी एकाच डब्यात टाकल्या होत्या. दर बाराला तोंड फुगतं, मग आपण ते साच्यात दाबून आवळतो. असं होत होत पितळ कडक होतं आणि गोळीवरची पकड बदलते. तुला हे मी काय सांगायचं! आता प्रत्येक डब्यावर किती वेळा उडवल्या तो आकडा लिहितो. शिवाय वाकवलेल्या तारेनं आत बुडाजवळ चाचपतो. खाच लागली तर तिथं पितळ ताणून पातळ झालंय असं समजायचं. ती पुंगळी लगेच पकडीनं चेपून टाकतो, म्हणजे चुकूनही परत भरली जाणार नाही.

आता प्रश्न. कडक झालेली तोंडं मी तावून नरम करतो. फक्त तोंड आणि खांदा, म्हणजे पुंगळी तोंडाकडं निमुळती होते तो भाग. बूड तापू द्यायचं नाही, कारण दाब तेच झेलतं. अंधाऱ्या खोलीत ज्योतीवर पुंगळी फिरवतो आणि लाली नुसती उमटायला लागली की बाहेर काढतो. पण कधी उशीर होतो, कधी घाई. तुझे आबा दुकानामागं तार तावताना दिवा मालवायचे, हे मला पक्कं आठवतं. ते नेमकी कोणती छटा बघायचे? सोन्याची आणि पितळेची वेगळी असणार, तरी विचार आणि त्यांच्याच शब्दांत कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
एनसीसीतला जोडीदार