आमची पुस्तिका कापडासारखी बेतणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या कपड्यांच्या कार्यशाळेची शाश्वत फॅशनवरची पुस्तिका छापून आली तेव्हा तुम्ही पुढच्या कामात बुडालेल्या होतात, त्यामुळे फोनवर 'मस्त झालीय' एवढंच बोलणं झालं. आभार नीट मानायचे राहिले, ते इथे चारचौघांत मानते.

शाश्वत फॅशनवरची पुस्तकं बरेचदा गुळगुळीत आर्टपेपरवर, वर लॅमिनेशन चढवून निघतात. तुम्ही मात्र पहिल्या भेटीत थेट आमच्या मास्टरजींच्या कटिंग टेबलापाशी गेलात. कापड वाया जाऊ नये म्हणून हातमागाच्या पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, कुडत्याच्या कळ्या (निमुळते तुकडे) उलटसुलट कशा बसवतात ते पाहिलंत आणि म्हणालात, "पुस्तिकाही अशीच बेतू." १८ बाय २३ इंचाच्या डेमी कागदाला तीन घड्या घातल्या की १६ पानं होतात. असे दोन कागद, म्हणजे ३२ पानं. मजकूर त्यातच बसवायचा. माझे दोन लाडके परिच्छेद त्यात कापले गेले. (गेले ते बरंच झालं.)

मुखपृष्ठाचा हातकागद आमच्याच सुती कातरणाचा. १९४० पासून हातकागद संस्था असलेल्या पुण्यात चिंध्यांचा कागद होतो याचं कुणाला नवल नाही. पण शिवणीतला पॉलिएस्टरचा दोरा लगद्यात मिसळत नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि आमच्या मुलींबरोबर ओव्हरलॉकच्या (दोऱ्याने गुंफलेल्या) कडा कापत बसलातही. निळीच्या कापडाची करडी झाक ब्लीच न करता तशीच राहू दिलीत.

निळीचा गहिरेपणा चार रंगांच्या छपाईत उतरत नाही, म्हणून फोटोंऐवजी कापडाचे तुकडे चिकटवायचे, हा हट्टही तुमचाच. डाळिंबसालीचा पिवळा, हिरडा आणि लोखंडाचा काळा आता बोटांनी चाचपता येतो. तुकड्यांमुळे पुस्तिका पुढून फुगू नये म्हणून शिलाईकडे कागदाच्या अरुंद पट्ट्या घालायला लावल्यात. बाइंडर काकांनी आधी कपाळाला हात लावला. आता तेच ती नमुना म्हणून इतरांना दाखवतात.

सगळ्यात मोठे उपकार मजकुराचे. 'पर्यावरणस्नेही' दिसलं की तुमचं लाल पेन चालायचं. "कापड किती मीटर आलं, कातरण किती उरलं, त्याचं काय केलंत, ते तक्त्यात लिहा." असे मोघम दावे पुराव्याविना करू नयेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण तुमचा आग्रह काही त्या धाकाने नव्हता. गिऱ्हाइकं आज प्रश्न विचारतात ते त्या तक्त्यावरूनच.

आणि हो, प्रुफं तपासल्याचे पैसे तुम्ही बिलात लावलेलेच नाहीत. लावून नवं बिल पाठवा, नाहीतर दुसरी आवृत्ती छापायला देणार नाही.

कार्यशाळेतल्या सगळ्यांच्या वतीने,
तुमची ऋणी