श्याम रामसे यांचे सिनेमे इफ्फीत दाखवा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी दिग्दर्शकांवर आलेला मोठा लेख वाचला. त्यात भयपटांची बोळवण एका वाक्यात केली आहे, आणि रामसे बंधूंचं नाव फक्त सवंगपणाचा दाखला म्हणून येतं. मी म्हापशात प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. तुलसी आणि श्याम रामसे यांचे सिनेमे मी खेळामागून खेळ चालवले आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

लेखकाला बहुधा माहीत नसेल, पण या घराण्याच्या सुरुवातीलाच एक मोठा मराठी माणूस आहे. वडील फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि सिनेमात पैसा घालू लागले. त्यांचा 'रुस्तम सोहराब' (1963) आणि नंतरचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (1970) हे दोन्ही दिग्दर्शित केले विश्राम बेडेकरांनी, म्हणजे 'रणांगण' ही कादंबरी लिहिणाऱ्या बेडेकरांनी. दुसरा सिनेमा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम थिएटरात जाऊन बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की लोक तेवढ्या प्रसंगासाठी येतात. कुठल्या रिळाला लोक सोडा प्यायला बाहेर पडतात आणि कुठल्या रिळाला पाय वर घेऊन बसतात, हे बूथच्या खिडकीतून आम्हाला रोज दिसायचं. त्या पोरांनी ते ओळखलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यावर लावलं, याचं मला फार मोल वाटतं.

सात भाऊ. कुमार लिहायचे, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मिती आणि छायाचित्रणात, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. वडिलांनी त्यांना काश्मीरला हाउसबोटीत नेऊन ठेवलं आणि छायाचित्रणावरचं एक इंग्रजी पुस्तक समोर ठेवून तिथेच धडे गिरवून घेतले. 'दो गज जमीन के नीचे' (1972) महाबळेश्वरला सरकारी गेस्ट हाऊसमध्ये राहून केला. घरच्या बायकाही सोबत होत्या, स्वयंपाकापासून मेकअपपर्यंत सगळं घरातच. आपल्याकडे जत्रेतलं दशावतारी नाटक रंगतं तेही असंच, पेटारा आणि माणसं एकाच टेम्पोतून येतात. त्याला आपण लोककला म्हणून मान देतो. मग यांनाच सवंग का म्हणायचं?

'पुराना मंदिर' (1984) आमच्याकडे आला तेव्हा प्रिंट बऱ्याच गावांतून फिरून आलेली होती, ओरखडे पडलेली, जागोजाग सांधलेली. तरी रात्रीचा खेळ भरायचा. बूथमध्ये मशीनच्या खडखडाटात आतल्या छोट्या स्पीकरचा आवाज धड ऐकू येत नसे, म्हणून मी लोकांच्या डोक्यांकडे बघायचो. अजय अगरवालने केलेला राक्षस, सामरी, पडद्यावर यायच्या आधीच डोकी एकमेकांजवळ सरकलेली असायची. दार करकरतं, वारा सुटतो, आणि मग काहीच ऐकू येत नाही. त्या 'काहीच नाही'ला किती वेळ द्यायचा, हे श्याम रामसे यांना नेमकं कळत होतं. हिरवा-निळा उजेड आणि धूर तर कोणीही सोडू शकतो.

आणि गोष्ट बघा. राक्षसाचं मुंडकं धडावेगळं करून पेटीत घातलेलं, त्यावर त्रिशूळ, आणि शाप असा की त्या राजघराण्यातली बाई बाळंत होताना मरेल. दुपारच्या खेळाला येणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. ज्या गावात देवचाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या भुताला, रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू) ठेवतात, ज्यांनी साळ गावच्या गड्यांच्या उत्सवाची रात्र डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांना बांधून ठेवलेलं भूत सुटलं तर काय होतं हे ठाऊकच असतं. विलायती भुतं असती तर आमचे लोक हसले असते.

या सिनेमांत वाईटही पुष्कळ आहे. नायिकांच्या आंघोळीचे प्रसंग मला तेव्हाही नको वाटायचे. आज तर मुलीबरोबर बसून बघवणार नाहीत. 'पुराना मंदिर'मधली जगदीपची 'शोले'ची नक्कल फार लांबली आहे. 'वीराना' (1988) आणि 'बंद दरवाजा' (1990) यांतही असा पाणचट भाग आहे. पण त्यासाठी सगळंच मोडीत काढणार असू, तर त्या काळच्या नावाजलेल्या हिंदी सिनेमांपैकी किती उरतील? श्याम रामसे यांनी 1993 पासून 'झी हॉरर शो'मधून तीच भीती घराघरांत नेली आणि 2003 मध्ये 'धुंद'ही केला. तुलसी 13 डिसेंबर 2018 रोजी गेले, श्याम 18 सप्टेंबर 2019 रोजी. गंगूही 2024 मध्ये गेले.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून आपल्या पणजीत होतो. जगभरच्या दिग्दर्शकांचे सिनेमे तिथे सन्मानाने दाखवतात. माझी मागणी साधी आहे: रामसे बंधूंच्या चार-पाच सिनेमांचा एक विभाग ठेवावा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने त्यांच्या मूळ निगेटिव्ह शोधून, स्वच्छ करून घ्याव्यात. फिल्म दमट हवेत पडून राहिली की आंबूस वास सोडते, आखडते, आणि मग मशीनवर चढत नाही. असे डबे मी स्वतः उघडले आहेत. त्या भावांबरोबर काम केलेले जे तंत्रज्ञ आज हयात आहेत, त्यांना बोलावून आवाज कसा केला, धूर कसा केला, हे विचारून नोंदवून ठेवावं.

'पुराना मंदिर' रात्री दहाला लावावा, सकाळी अकराला नको. अडीच तासांच्या आसपासचा सिनेमा आहे, सुटेपर्यंत साडेबारा वाजतील. तेव्हा त्या रात्रीपुरती तरी म्हापसा, मडगाव आणि फोंड्याला कदंबची (गोव्याच्या सरकारी वाहतुकीची) एकेक बस सोडावी, म्हणजे गावातल्या माणसालाही येता येईल.

आपला,
एक निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर
म्हापसा, बार्देश